माफी मागणारी बकरी

सोमवार, ३ मार्च

आजपासून आजी दैनंदिनी लिहिणार, असं भिंगरीने घरात जाहीर करून टाकलं. हात यांचे, तोंड माझं. हे म्हणजे आमच्या घरातले पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. मला अक्षर येत नाही. शाळेत जायच्या वयात मी शिलाई मशीनवर बसले, आणि मशीनला आपण शिकलेले आहोत की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. यांचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला सगळीच अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा मोती असतील तर असोत.

भिंगरी आमची नात. लहान असताना एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता तासन्‌तास एका जागी बसून चित्रं काढते, पण नाव काही सुटलं नाही. तिचे आईवडील दुसऱ्या गावी, हिची नोकरी इथे, म्हणून मुक्काम आमच्याकडे. कार्टूनचे सिनेमे बनवतात तिथे ती कामाला आहे. आजवर तिने तिथे गवत काढलं. थट्टा नाही, खरंच गवत. सिनेमात नायक पळतो तेव्हा मागे गवत हलतं, ते कुणीतरी काढावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आमची पोर. गवत, ढग आणि कुंपण.

आज तिला बकरी मिळाली. नव्या सिनेमाची नायिका एक बकरी आहे. ती कुठल्याच गोठ्यात टिकत नाही, सगळ्या कड्या उघडते आणि बाकीच्या जनावरांना फूस लावून घेऊन जाते. ती दिसते कशी, चालते कशी, खाते कशी, हे सगळं भिंगरीने ठरवायचं. पुढच्या आठवड्यात दिग्दर्शक बघणार. जमलं तर पूर्ण सिनेमाभर बकरी हिची. नाही जमलं तर ही परत गवतात.

खुशीत दोन कोऱ्या वह्या घेऊन आली. एक तिची, चित्रांची, एक माझी. दोघींनी रोज काहीतरी भरायचं. मी म्हटलं, माझ्याकडे रोज घडतं काय? तर म्हणते, आजी, तू बोलायला लागलीस की घडतं. हे लिहिताना यांनी मान डोलावली. ते पण लिहा.

बुधवार, ५ मार्च

शहरात बकरी शोधायची कुठे? भिंगरीने डोकं चालवलं. आमच्या मागच्या रस्त्यावर जनावरांचा दवाखाना आहे. तिथे जनावरं बाकाखाली, मांडीवर, टोपलीत गप्प बसलेली असतात, आणि बघायला कुणी मनाई करत नाही. संध्याकाळी ती स्टुडिओतून थेट तिथे जाते. मीही गेले. एकटी मुलगी लोकांच्या कुत्र्यांकडे टक लावून बघते हे बरं दिसत नाही. शेजारी म्हातारी असली की घरगुती वाटतं.

आत फिनाइलचा वास. दाराशी जमिनीसरशी वजनकाटा, त्यावर चढायला एक दांडगा कुत्रा तयार नव्हता. मालक स्वतः चढून दाखवत होता. एका कुत्रीच्या गळ्यात दिव्याच्या शेडसारखी प्लास्टिकची कॉलर. टॉवेल टाकलेला पिंजरा, त्यातून मधूनच कुणीतरी कण्हायचं. आणि कोपऱ्यात दोरीला बांधलेली एक बकरी, पायाला पट्टी.

भिंगरीने वही काढली आणि मी बघतच राहिले. ती कागदाकडे बघत नाही. नजर बकरीवर, आणि खाली हात आपला चाललेला, जणू त्याला वेगळे डोळे आहेत. मी मशीनवर आयुष्य काढलं, पण सुईवरची नजर हटवून शिवायचं मला कधी जमलं नाही.

बाजूच्या बाईने विचारलं, तुमचं कोणतं? मी भिंगरीकडे बोट दाखवलं.

शनिवार, ८ मार्च

आज तिच्या वहीचे नियम समजले. नियम तिचेच, तिनेच स्वतःला लावलेले.

पेन वापरायचं, पेन्सिल नाही. खोडरबर घरात ठेवायचंच नाही. पान फाडायचं नाही. पहिलं पान तर ती मुद्दाम बिघडवते, वेडावाकडा घोडा काढून, म्हणजे पुढे पानं बिघडायची भीती राहत नाही. मी विचारलं, चुकलं तर? ती म्हणाली, चूक दिसली पाहिजे आजी, नाहीतर उद्या तीच परत करीन. मला हे एकदम पटलं. खडूची रेघ पुसता येते म्हणून नवखी शिवणारीण खडूने खेळत बसते. कात्री लागली की मग खरी अक्कल कळते. ही पोर पहिल्यापासून कात्रीनेच काम करते.

आधी नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, बाकी काही नाही. फोनवर अर्ध्या मिनिटाचं घड्याळ लावलेलं, वाजलं की पुढचं पान, मग चित्राला पाय फुटलेले असोत की नसोत. मग एखादं मांजर आधी नुसत्या गोल गोल आकारांतून काढायचं, मग नुसत्या टोकदार. गोल मांजर शेजारणीसारखं दिसलं आणि टोकदार मांजर तिच्या जावेसारखं. मी तसं म्हटल्यावर भिंगरीने दोघींची नावं बाजूला लिहून ठेवली. ती वही शेजारणीच्या हाती लागू नये एवढीच इच्छा.

शेवटी सगळं आतून काळं भरून टाकते. डोळे नाहीत, कान नाहीत, नुसता काळा डाग. डागावरून प्राणी ओळखू आला तर आकार चांगला. मला पानामागून पान दाखवत गेली. कुत्रा. पोपट. कॉलरवाली कुत्री. पाय दुखणारी बकरी. मला अक्षर ओळखू येत नाही, पण तिचे डाग मी सगळे वाचले. हे तिथेच चष्मा लावून बसले होते. यांनी पोपटाला किटली म्हटलं.

गुरुवार, १३ मार्च

आज दिग्दर्शकाने बघितलं.

ती काय काय घेऊन गेली होती ते मी पाहिलं होतं. बकरी समोरून, बाजूने, पाठून. बकरी हसताना, रुसताना. बकरी उभी, बसलेली, कडी उघडताना. माझ्या डोळ्याला तर सगळं ठीक दिसलं. बटणं जागच्या जागी, कुठे झोल नाही.

दिग्दर्शक चांगला माणूस आहे म्हणते. ओरडत नाही. बराच वेळ बघत बसला आणि मग विचारलं, हिला काय झालंय? भिंगरीला कळेना. तो म्हणाला, "मला आगाऊ बकरी हवी होती. ही तर माफी मागते आहे."

मग त्याने तिची वही मागितली आणि पानं उलटली. कुत्रे, मांजरं, ससे, सगळे मान आत ओढून, पाठ वर करून, एक डोळा दाराकडे ठेवून बसलेले. एकाही शेपटीला उभं राहायची हिंमत नाही. त्याने विचारलं, ही जनावरं तू कुठे बघितलीस? तिने सांगितलं. आणि सांगता सांगता तिचं तिलाच कळलं. दवाखान्यात कोण जातं? ज्याला बरं नाही तो. आणि जो बरा आहे तोही तिथे गेला की सुईच्या भीतीने अर्धा होतो. आमच्या पोरीने जे बघितलं ते अगदी हुबेहूब उतरवलं, आणि म्हणूनच फसली.

मला सांगताना ती हसत होती. मीही हसले. इतके दिवस मी तिच्या शेजारी त्या बाकावर बसले होते आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. मला आपली ती सुस्वभावी जनावरं वाटली.

आता बकरी दोघांकडे दिली आहे. तिच्या समोरच्या टेबलावर एक जुना कलाकार बसतो. त्याची हनुवटी गुळगुळीत, रेघही गुळगुळीत, म्हणून मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं आहे. तो आपली बकरी करणार, ही आपली. महिनाअखेर एकीची निवड. हरेल तो सिनेमाभर गवत काढणार. गुळगुळीत आजवर गवतात कधी उतरलेला नाही, हे भिंगरीने मला तीनदा सांगितलं.

शनिवार, १५ मार्च

भिंगरीला सर्दी झाली आहे. डोळे लाल, नाक लाल, आवाज बसलेला. काल वाफ दिली, आज वाफ दिली, उतार नाही. विचित्र सर्दी आहे. सकाळी नसते, स्टुडिओतून आली की असते. आज सुट्टी असून होती, आईचा फोन आल्यावर. जेवायला नको म्हणते. हे म्हणाले, तिला जरा एकटीला राहू दे. मी म्हटलं, सर्दी काय एकटं ठेवल्याने जाते? यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. असं काय बघता?

रविवार, १६ मार्च

आज सकाळी तिनेच उठून बूट घातले. चल म्हणाली, बऱ्या बकऱ्या बघायला.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथे पाण्याच्या टाकीमागे मोठं ओसाड मैदान, मोडकं कुंपण, विटांचे ढिगारे. एक बाई रोज तिथे बकऱ्या चारायला आणते. भिंगरीने आधी तिची परवानगी मागितली. बाई म्हणाली, चित्रं काढा की नाहीतर गाणी म्हणा, माझ्या बकऱ्या कुणाच्या बापासाठी थांबायच्या नाहीत.

तसंच झालं. दवाखान्यातली जनावरं पुतळ्यासारखी बसायची. इथे भिंगरीने पेन टेकवलं की बकरी पानातून निघून गेलेली असायची. ढिगाऱ्यावर एक, तिच्या डोक्यावर पाय देऊन दुसरी. एक कुंपणाच्या खांबावर चारही पाय एवढ्याशा जागेत गोळा करून उभी, कारण काही नाही, बस, उभी. तिला ती बाई मालकीण म्हणते. "कुठे जायचं ते ही ठरवते. मी आपली हिच्या नोकरीला आहे."

पोरगी मैदानभर पळत होती. बूट चिखलात, केसांत काटे. घरी येऊन मैदानासाठी काढलेली नवी वही उघडली तर काय, पानभर तुटक्या रेघा. एका पानावर नुसती शिंगं. एका पानावर दोन मागचे पाय आणि बकरीचा पत्ता नाही. यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मी काही बोलले नाही. हे वाक्य यांनी दोनदा विचारून लिहिलं.

मंगळवार, १८ मार्च

आज मी मदत केली.

भिंगरी आता कामावर जायच्या आधी सकाळी लवकर मैदानावर जाते. मी विचार केला, बकऱ्या थांबत नाहीत हीच अडचण ना? मग थांबवू. घरातली कोबीची पानं, गाजराची सालं, सगळं पिशवी भरून नेलं आणि तिच्यासमोर ओतलं. बकऱ्या थांबल्या. सगळ्या. अंगावर अंग घालून, डोकं खाली, बूड वर. मालकीण सुद्धा.

भिंगरीने इमानाने तेही काढलं. पानभर बुडं. मग वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, आजी, सिनेमाचं पोस्टर तयार झालं. बकऱ्यावाली एवढी हसली की तिला बसावं लागलं. मी उद्यापासून रिकाम्या हाताने येणार असं ठरलं. हे ठरवायला मला कुणी विचारलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज काहीतरी झालं आहे. काय ते मी सांगते, मला कळलं तेवढं.

संध्याकाळी भिंगरी घरात शिरली ती बूट न काढताच. दोन्ही वह्या जमिनीवर उघडून ठेवल्या, दवाखान्याची आणि मैदानाची, आणि गुडघ्यांवर बसून एकीकडून दुसरीकडे बघू लागली. मग मला खाली बोलावलं. माझे गुडघे खाली जायला तयार नव्हते, म्हणून तिने वह्या टेबलावर आणल्या.

ती म्हणाली, तोंड विसर. डोळे विसर. मी इतके दिवस आगाऊपणा तिच्या तोंडात शोधत होते. भुवई वर कर, ओठ वाकडा कर. तो तोंडात नाहीच. वजन कुठे आहे ते बघ. तिने बोटाने दाखवलं. दवाखान्यातल्या प्रत्येक जनावराचं वजन मागे, पाय पुढे असले तरी अंग मागे, केव्हाही परत फिरता यावं म्हणून. आणि मैदानावरच्या त्या तुटक्या रेघा, ज्या मला काहीच वाटल्या नव्हत्या, त्या सगळ्या पुढे पडत होत्या. मान आधी, छाती मग, आणि मागचे पाय बिचारे धावत धावत पोचताहेत.

"बरी बकरी आधी जाते, आजी. मग विचार करते."

कपड्याचं असंच असतं. खांदा मागे पडला तर पुढे कितीही झालर लावा, माणूस बिचाराच दिसतो. पण हे मला कपड्यात कळायला अर्धं आयुष्य लागलं, आणि या पोरीने ते चिखलात पळून इतक्या दिवसांत काढलं. मी तिला तसं म्हटलं नाही. जेवायला बस म्हटलं. आज जेवली, दोनदा भात घेतला.

जेवल्यावर आमच्या बोळकंडीत ती स्वतःच बकरी झाली. छाती पुढे काढून, हात पाठीमागे, तुरुतुरु. तिला कुंपण हवं होतं, म्हणून यांना मध्ये उभं केलं. हे कुंपण म्हणून चांगले आहेत, हलत नाहीत. ती चालायची, मग वहीच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र काढायची, पुन्हा चालायची, पुढच्या पानाच्या कोपऱ्यात पुढचं. शेवटी अंगठ्याने पानं फडफडवली. डोकं नसलेली, डोळे नसलेली, चार रेघांची काहीतरी वस्तू त्या कोपऱ्यातून निघाली आणि कागदाच्या काठापर्यंत अशी गेली की पुढे भिंत असती तर भिंतीने बाजूला व्हायचं.

मी पुन्हा फडफडव म्हटलं. मग पुन्हा. यांच्यावर कुणीतरी पाणी तापत ठेवायचं काम सोपवलं होतं, ते आटून गेलं.

बुधवार, २६ मार्च

भिंगरीने आपली बकरी स्टुडिओत देऊन टाकली. घरी कुणाला दाखवायची नाही अशी दिग्दर्शकाची अट आहे, दोघांनाही. तेव्हा बकरीला तोंड कसलं, रंग कोणता, मला काही ठाऊक नाही. मी आडून विचारलं, शिंगं आहेत का? म्हणाली, आजी, शिंगं आहेत. एवढीच बातमी.

मला वाटलं, आता सकाळी झोपेल. तर आज पुन्हा बूट. मी म्हटलं, अगं, काम दिलंस ना? आता मैदानावर काय राहिलंय?

"अजून नीट बघून झालेली नाही ती."

आणि गेली. पैसे कोण देतं याचे? कुणी नाही. निकाल बदलणार आहे का? नाही. मी खिडकीतून बघत होते. बसमागे पळत होती, वही छातीशी धरून, मान पुढे.

शनिवार, २९ मार्च

आज मला स्टुडिओत नेलं. दिग्दर्शकाने सगळ्यांना सांगितलं होतं, घरातलं असं माणूस आणा जे कार्टून बघत नाही. भिंगरीने यांना नेलं नाही, कारण हे कार्टून बघतात आणि वर नाही म्हणतात.

छोटी खोली, काळे पडदे, खुर्च्यांच्या दोन रांगा. कुणाचे सासरे, कुणाची मावशी, एक दातांचा डॉक्टर, इमारतीचा पहारेकरी. भिंगरी आणि गुळगुळीत दोघांनाही बाहेर बसवलं. गुळगुळीतने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, दार धरलं. माणूस गुणी आहे, म्हणून जास्त राग येतो.

दिग्दर्शकाची मात्र कमाल. आम्हाला पडद्याकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसला. मी म्हटलं, स्वतःच केलेलं स्वतःला बघवत नाही की काय?

दोन बकऱ्या दाखवणार, कोणती कुणाची ते सांगणार नाही, शेवटी हात वर करायचा. दोन्ही नुसत्या रेघांच्या, रंग नाही. दोघींनी तेच करायचं, चालत यायचं, कडी उघडायची, बाहेर पडायचं.

पहिली आली आणि खोलीत एकदम, किती गोड, असा आवाज झाला. काय ती बकरी. लांब पापण्या, गळ्यात घंटा, टापा अशा ठेवते जशी धुतलेल्या फरशीवर. कडी उघडून वळून लाजली सुद्धा. सगळे हसले, पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या. माझं तर ऊर भरून आलं. इतकी नीटनेटकी, इतकी देखणी, म्हणजे आमच्याच पोरीची. दुसऱ्या कुणाची असणार?

दुसरी आली. तिच्याबद्दल काय सांगू. ती काही चित्रासारखी नव्हती. अगदी त्या मैदानावरच्या मालकिणीसारखी, तशीच आडदांड, आधी मान घुसवली आणि मग बाकीचं अंग आत आलं. कडी ओठाने उचलली, जसं रोजचंच काम आहे. बाहेर आली, थांबली, आणि आमच्याकडे बघितलं. लाजणं नाही, काही नाही. बघितलं आणि निघाली, सरळ आमच्या दिशेने, मोठी मोठी होत. कुणी हसलं नाही, टाळी नाही. माझ्या शेजारच्या मावशीने पाय खुर्चीखाली घेतले. मी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. मग पडदा काळा झाला आणि कुणीतरी खोकलं.

हात वर करा म्हणाले. पहिलीसाठी जवळपास सगळ्यांचे हात. माझा सगळ्यांत उंच, आणि मी नुसता हात करून थांबले नाही. आपल्या पोरीसाठी दोन शब्द जास्त बोलायला काय हरकत आहे? मी म्हटलं, पहिलीला वळण आहे, दुसरी अजिबात भरवशाची बाई नाही. दिग्दर्शक माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं.

जिना उतरताना मी भिंगरीला म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या बकरीसाठी मी सगळ्यांदेखत बोलले. काय पापण्या काढल्यास.

ती दोन पायऱ्या खाली उतरली, मग वळली. "आजी, पापण्या माझ्या नाहीत. माझी दुसरी."

रविवार, ३० मार्च

आज काही नाही. हे वही घेऊन समोर बसले आहेत. भिंगरी सकाळी मैदानावर गेली आणि मला रागावली सुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी कधी कुणाच्या कपड्याला उगाच चांगलं म्हटलं नाही. काल मी बकरी बघितलीच नाही. देखणी दिसली आणि म्हटलं आपली असेल. त्या दुसरीला मी ओळखायला हवं होतं. तिची चाल माझ्यासमोर या बोळकंडीत जन्मली, आणि तिलाच मी भरवशाची नाही म्हणाले, आणि त्या माणसाने ते लिहून घेतलं.

बस. झाकण लावा पेनाला.

सोमवार, ३१ मार्च

मी दुपारी झोपलेली नव्हते, डोळे मिटून पडले होते. दार वाजलं. भिंगरी या वेळेला घरी येत नाही. मी मनात म्हटलं, आली गवतात परत. उठून तिला जवळ घ्यायचं असं ठरवलं होतं, पण तिनेच मला धरून गरगर फिरवलं. या वयात.

बकरी तिची झाली. पूर्ण सिनेमाभर.

मला आधी कळेचना. हात तर सगळ्यांचे पहिलीला होते. ती म्हणाली, दिग्दर्शकाने हात मोजलेच नाहीत. हात वर करायला सांगतो ते लोकांना बरं वाटावं म्हणून. तो आमच्याकडे तोंड करून बसला होता ते आमची अंगं बघायला. पहिली बकरी चालू होती तेव्हा सगळे खुर्चीत मागे टेकून आरामात, चित्र बघतात तसे. दुसरी निघाली तेव्हा मावशीने पाय आत घेतले, डॉक्टरने चहाचा कप उचलून हातात धरला. आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई.

भिंगरीने त्याची नक्कल करून दाखवली, हळू बोलतो म्हणे. "तुझ्या आजीने पिशवी मांडीवर ओढली आणि वरून घट्ट धरली, तेव्हा ठरलं. चित्रापासून कुणी सामान लपवत नाही."

आणि मी जे बोलले होते, भरवशाची बाई नाही, ते त्याने सिनेमाच्या कागदांवर बकरीच्या नावाखाली लिहून ठेवलंय. सगळ्या कलाकारांना तसं सांगितलंय, हिला काढताना हे लक्षात ठेवा. गुळगुळीत स्वतः हिच्या टेबलाशी आला आणि विचारलं, ते मैदान कुठे आहे, मला नेशील का. गवत कसं काढायचं तेही शिकव म्हणाला. आता त्याच्यावर राग धरायची पण सोय राहिली नाही.

भिंगरीने नव्या वहीचं पहिलं पान आत्ताच बिघडवून टाकलं आणि मला उचलून म्हणाली, आजी, तू माझी बकरी पास केलीस.

हे बघा, मी खरं काय ते सांगते आणि तुम्ही तसंच लिहा. मी कुणालाही घाबरून पिशवी उचलली नाही. ती रेघांची बकरी आहे, पडद्यावर आहे, एवढं मला कळतं. खाली फरशी जरा धुळकट होती, म्हणून पिशवी वर घेतली.

काय? पहिल्या बकरीच्या वेळी फरशी धुळकट नव्हती का? तुम्ही पोस्टात पण असेच लोकांना प्रश्न विचारायचा का?

पिशवीत काय असणार. माझा चष्मा होता, रुमाल होता, आणि भिंगरीसाठी घेतलेली दोन केळी होती. केळी वरच होती, पिशवीचं तोंड उघडं, आणि ती सरळ येत होती. तिचा काय नेम.